छत्री किती मोठी हवी?

मंडळी, मृग लागायला अजून महिना आहे. डिशबद्दल बोलायचं ते आत्ताच. आज आभाळ निरभ्र आहे, दोन फुटी छत्रीवरही चित्र स्वच्छ दिसतं, आणि डिश विकत घेतली जाते ती नेमकी याच दिवसांत. माझं म्हणणं असं, की डिशचं माप उन्हाळ्यातल्या चित्रावरून ठरवू नये. ते आषाढातल्या सगळ्यांत वाईट तासावरून ठरवावं. वादळाचा इशारा किंवा धरणातून पाणी सोडल्याची बातमी ज्या तासाला हवी असते, त्याच तासाला पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते. कोकणातल्या माणसाला हे परवडणारं नाही.

मुळात आपल्यापर्यंत पोचतं किती, ते पाहू. दूरदर्शनची फ्री डिश सेवा जीसॅट-15 या उपग्रहावरून येते. नोव्हेंबर 2015 मध्ये सोडलेला हा उपग्रह विषुववृत्तावर, 93.5 अंश पूर्व रेखांशावर, सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर आहे. अशा उपग्रहाकडून दोन फुटी, म्हणजे 60 सेंटिमीटरच्या डिशमध्ये जी शक्ती उतरते, ती साधारण एवढी: एका वॉटचे एक लाख कोटी भाग करा, त्यातले एक-दोन. एवढ्याशा भांडवलावर कितीतरी वाहिन्यांचा व्यवहार चालतो. पागोळीचं पाणी धरायला जितकं रुंद तोंडाचं भांडं, तितकं पाणी जास्त. इथेही तसंच, फक्त हिशेब व्यासाचा नसून क्षेत्रफळाचा. 60 सेंटिमीटरच्या जागी 90 ची डिश लावली, की व्यास दीडपट होतो आणि पकड सव्वादोनपट. तंत्रज्ञांच्या भाषेत साडेतीन डेसिबल. व्यास दुप्पट केला तर चौपट, म्हणजे सहा डेसिबल. माप घेताना रुंदी मोजा. घरगुती डिश रुंदीपेक्षा थोडी उंच असते, पण तिरप्या उभ्या डिशची ती जादा उंची उपग्रहाच्या बाजूने दिसत नाही, त्यामुळे ती हिशेबात धरायची नाही.

तुमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांना केबलवाल्याच्या गच्चीवरची बारा फुटी, सोळा फुटी डिश आठवत असेल. 1991-92 च्या सुमारास स्टार टीव्ही एशियासॅट-1 वरून यायला लागला, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा एवढी मोठी आणि आता दोन फुटी कशी? एक कारण असं, की आजचे उपग्रह अधिक जोरात बोलतात. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते फारसं सांगितलं जात नाही. आकाशात उपग्रह शेजारी-शेजारी उभे आहेत, काही ठिकाणी जेमतेम दीड-दोन अंशांवर. डिशने आपल्या उपग्रहाचं ऐकायचं आणि शेजाऱ्याचं टाळायचं, म्हणजे तिची नजर अरुंद हवी. ही नजर किती अरुंद, ते व्यास आणि लहरीची लांबी यांच्या प्रमाणावर ठरतं. केबलवाल्याचा सी बँड सुमारे साडेसात सेंटिमीटर लहरीचा. दोन अंशांची नजर मिळवायला त्यात साडेआठ फुटांची डिश लागते. घरगुती केयू बँडची लहर अडीच सेंटिमीटर. तेच काम तीन फुटांत होतं. दोन फुटीची नजर जवळजवळ तीन अंश रुंद असते. म्हणून ती लावायला सोपी असते आणि शेजारचा गोंगाटही जास्त ऐकते.

लहर लांब असली तर डिश जाळीचीसुद्धा चालते. 1975-76 साली इस्रोने अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवली. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या गावांत दहा फुटी डिश होत्या, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीच्या. लहर 35 सेंटिमीटरची, तिला त्या जाळीची भोकं दिसतच नव्हती. आजच्या अडीच सेंटिमीटरच्या लहरीला मात्र पत्र्यावरचा दीड-दोन मिलिमीटरचा पोचाही खुपतो.

आता पाऊस. पूर्वीच्या चित्रात सिग्नल उतरला, की मुंग्या यायच्या. माणूस मुंग्यांतूनही बातम्या ऐकत असे. डिजिटल चित्र शेवटपर्यंत ठणठणीत राहतं, मग चौकटी-चौकटींनी फुटतं आणि थिजतं. त्या काठापासून आपण किती आत उभे आहोत, ही खरी शिल्लक. सिग्नल चांगला असलेल्या भागात 60 सेंटिमीटरच्या डिशला उघाडीत साधारण सात-आठ डेसिबलची शिल्लक असते. मुसळधार पाऊस त्यातले चार डेसिबल खातो, असं धरू. मग निम्मी शिल्लक राहायला हवी ना? राहत नाही. उघाडीत डिश थंड आकाशाकडे पाहत असते. पावसात तिच्यासमोर ऊबदार पाण्याचा पडदा येतो, आणि ते पाणी स्वतःच खरखर पाठवतं. सिग्नल चार डेसिबलनं खाली येतो, खरखर जवळपास तेवढीच वर चढते आणि शिल्लक संपते. तीन फुटी डिश इथे साडेतीन डेसिबल जादा देते. आषाढातल्या बऱ्याच सरी त्यात निभावतात. तासाभरात सगळं रान बुडवणाऱ्या ढगापुढे चार फुटीही हात टेकते, हेही सांगतो. नाहीतर उद्या कोणी सहा फुटी आणून बसवेल.

मोठ्या डिशला वारा जास्त लागतो. ताशी 110 किलोमीटरच्या वाऱ्यात दोन फुटीवर साधारण वीस किलोंचा दाब येतो, तीन फुटीवर पंचेचाळीस किलोंच्या आसपास. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात वारे याच वेगाचे आणि त्याहून जोराचे होते. शिवाय नजर अरुंद, त्यामुळे खांब अंशभर कलला तरी निम्मा सिग्नल जातो. कौलारू घराच्या वाशाला तीन फुटी डिश बांधू नका.

आणि मोठी घेण्याआधी आहे ती नीट पाहा. शिडीवर चढून एलएनबीची, म्हणजे डिशसमोरच्या दांडीवरच्या डबीची, टोपी बघा. उन्हानं तिला बारीक तडा गेलेला असतो, आत पाणी किंवा कुंभारमाशीचं मातीचं घर असतं. वायरीच्या टोकाची पिन सोडवा; तांबं हिरवं पडलं असेल तर टोक कापून नवी पिन लावा आणि जोडावर रबरी टेप गुंडाळा. मग डिशच्या कडेवरून दोन दोरे आरपार ताणा, एकमेकांना मध्यावर छेदतील असे. दोरे नुसते टेकले, तर डिशची कड सपाट आहे. वरचा दोरा खालच्याला दाबत असेल किंवा दोन्हींत फट राहत असेल, तर पत्रा मुरडलाय आणि त्या डिशचं माप कागदावरच आहे.

ग्रामपंचायतीसाठी आणि शाळेसाठी माझा आग्रह चार फुटीचा आहे, तीही जमिनीवर, सिमेंटच्या पायात, सोबत बॅटरी. जमिनीवर आकाश दिसेल का, असं विचारलं जातं. आपल्या किनाऱ्यावरून जीसॅट-15 आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 59 अंशांवर आहे. त्या दिशेला पंधरा मीटरचा माड असेल तर डिश त्याच्यापासून नऊ मीटर मागे हवी. झावळ्यांसाठी आणखी तीन-चार मीटर सोडा. एवढी जागा बहुतेक शाळांच्या आवारात आहे. एलएनबीवरचं पाणी फडक्यानं पुसायलाही मग भर पावसात छपरावर चढावं लागत नाही.