पोहणाऱ्या जीपचे मोल



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'एका मोटारीचा जीर्णोद्धार' असे सांगितले. जीर्णोद्धार देवळाचा असतो, वाड्याचा असतो, क्वचित एखाद्या संस्थेचाही असतो. मोटारीचा कसला, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर उमटला, पण त्यांनी तो बोलून दाखवला नाही. त्या सौजन्याबद्दल त्यांचे आभार मानून सुरुवात करतो.

ही गाडी जमिनीवर धावते आणि पाण्यात उतरून पोहते. बेडकासारखी उभयचर अशी ही जीप. अमेरिकेतील फोर्ड कंपनीने दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सप्टेंबरापासून १९४३ च्या मध्यापर्यंत, अशा १२,७७८ गाड्या बांधल्या. लष्करी दप्तरात तिचे नाव 'जीपीए'. शिपायांनी समुद्राचा 'सी' आणि 'जीप' यांची मोट बांधून तिला 'सीप' केले. त्याच युद्धात साध्या जीपगाड्या सुमारे ६ लाख ४० हजार झाल्या. म्हणजे पन्नास जीपगाड्यांमागे एक पोहणारी, असा हिशोब पडतो.

शर्यतीच्या नौकांचे आराखडे करणाऱ्या न्यूयॉर्कच्या स्पार्कमन अँड स्टीफन्स या पेढीने तिचे धड आखले. होडीच्या आकाराचे पोलादी पत्र्याचे धड, आणि त्याच्या पोटात साध्या जीपचेच काळीज: चार सिलिंडरांचे, सुमारे २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे एंजिन. मुंबईच्या माझगावात १९४९ साली जीपगाड्या जुळवण्यास आरंभ झाला, त्यांचे एंजिन याच जातकुळीचे. त्यामुळे आपल्याकडचा एखादा जुना मेस्त्री सीपचे झाकण उघडून पाहील तर त्याला घरच्यासारखे वाटेल. परक्या वाटतील त्या बाकीच्या वस्तू. मागे पाण्यात फिरणारा पंखा, त्याच्यामागे सुकाणू, तळातले पाणी उपसणारा पंप, नाळेवर दोर गुंडाळून गाडी ओढून काढण्याचा रहाट, आणि लाट अंगावर येऊ नये म्हणून पुढे उभारायची फळी.

आता एक गोष्ट आम्ही आरंभीच कबूल करतो. ही गाडी फसली होती. ठरवलेले वजन सुमारे १,२०० किलो. प्रत्यक्षात ते १,६०० च्या घरात गेले, पण धड मात्र त्या मानाने मोठे केले नाही. त्यामुळे पाण्यात तिचा काठ पाण्याच्या इतका जवळ येई की थोडी लाट उठली की आत पाणी. जमिनीवर ती साध्या जीपपेक्षा जड आणि बोजड. चिखलात रुतली तर शिपायांना उंच काठावरून उड्या टाकून ढकलायला उतरावे लागे. १९४३ च्या जुलैत सिसिलीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले तेव्हा ती वापरली गेली, परंतु समुद्र हे तिचे क्षेत्र नव्हे हे उघड झाले. शांत नद्या ओलांडायला मात्र ती बरी. रशियाला मदत म्हणून पुष्कळ सीप गेल्या आणि तेथील लष्कराला त्या पसंत पडल्या. इतक्या की युद्धानंतर त्यांनी त्याच वळणावर स्वतःची 'गाझ-४६' बांधली.

मग फसलेल्या गाडीला आज मोल कसले? दुर्मिळ म्हणजे मौल्यवान, असा बाजाराचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. सीपचे मोल करणारा जाणता माणूस प्रथम एंजिनाकडे पाहतच नाही, कारण ते मिळते. तो पंखा, सुकाणू, रहाट, पुढची फळी आणि पंप आहेत की नाहीत ते पाहतो. कारण साध्या जीपच्या भंगारात ती सापडत नाहीत. मग तो धडावरच्या आणि पुढच्या पट्टीवरच्या ठोकलेल्या आकड्यांकडे वळतो. फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा इंग्रजी 'एफ' अक्षर उठवले होते. असे बोल्ट शोधत देशोदेशी पत्रव्यवहार करणारे लोक आहेत. बोल्टाच्या डोक्यावरचे अक्षर वाचून मोटारीची पारख करणे हा प्रकार आम्हांस प्रथम पोरकट वाटला. आता वाटत नाही. कारखान्यातून निघालेली कोणती वस्तू अजून आपल्या जागी आहे, याची ती साक्ष असते.

आणि शेवटी तो वाकतो, आडवा होतो, गाडीखाली जातो. खरे मोल तेथे ठरते. साध्या जीपच्या फरशीला भोके असतात. पाऊस पडला की पाणी वाहून जाते. सीपचे तसे नाही. जे धड बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, ते आत साचलेले पाणी बाहेरही जाऊ देत नाही. तळाची बुचे लावून कोणी ती परसात उभी करून ठेवली की वर्षानुवर्षे पावसाचे पाणी तिच्या पोटात राहते, आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरचा रंग शाबूत, आणि आतला पत्रा कागदासारखा. जेथे दोन पत्रे एकावर एक जोडले आहेत तेथे तर ओल कधी सुटतच नाही. मडके घेताना आपण जसे बोटाने वाजवून पाहतो, तसा लहान हातोडीने सारा तळ वाजवावा लागतो. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द बोलतो. तरीही शंका राहिली तर जुन्या कारागिरांची युक्ती आहे. सांध्याला एका बाजूने खडूची सफेदी लावावी, ती वाळली की दुसऱ्या बाजूने रॉकेल पुसावे. डोळ्यांना न दिसणारी चीर असेल तेथे सफेदीवर डाग उमटतो.

असे डाग पुष्कळ उमटले की मालकापुढे एक प्रश्न उभा राहतो, आणि आमच्या मते पहिली हातोडी मारण्याच्या आधी त्याचे उत्तर द्यावयास हवे. ही गाडी पुन्हा पाण्यात जाणार आहे की नाही?

नसेल, तर जुना पत्रा जपावा. गंजाची वाढ थांबवावी, रंगाचे जुने थर, पोचे, कोणीतरी ओबडधोबड घातलेले ठिगळ, सारे राहू द्यावे. पण ती पाण्यात जाणार असेल तर जुन्याची माया तेथे कामाची नाही. पातळ झालेला प्रत्येक पत्रा कापून नवा जोडलाच पाहिजे. मग ती कमी अस्सल होईल, आणि अस्सलपणाचा शोधक नाक मुरडील. मुरडू द्यावे. फक्त कापलेले तुकडे फेकू नयेत, कामाची छायाचित्रे ठेवावीत आणि नव्या पत्र्यावर आतल्या बाजूने साल ठोकावे; पुढच्या माणसास नवेजुने कळले पाहिजे.

या दोहोंच्या मधली वाट सर्वांत वाईट. सडलेल्या पत्र्यावर पुट्टी, पुट्टीवर हिरवा लष्करी रंग, रंगावर पांढरा तारा! छायाचित्रात हीच गाडी सर्वांत देखणी दिसते, आणि आम्हांस भीती वाटते की भावही तिलाच चांगला येतो. काळ्या पाषाणाच्या देवळाला जीर्णोद्धाराच्या नावाने तैलरंग फासलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

ही भीती केवळ सौंदर्याची नव्हे. सीपची थोरली बहीण म्हणजे 'डक' नावाची सहाचाकी उभयचर मालगाडी. युद्धात तिने नाव कमावले, आणि पुढे तिच्यात बदल करून अमेरिकेत प्रवाशांना सरोवरांतून फिरवण्याचा धंदा सुरू झाला. १ मे १९९९ रोजी आर्कान्सा राज्यातील हॉट स्प्रिंग्जजवळच्या सरोवरात १९४४ साली बांधलेली अशी एक गाडी बुडाली. आतल्या २१ माणसांपैकी १३ मेली. चौकशीत काय निघाले? चाकांना फिरवणारा दांडा जेथे धडातून बाहेर पडतो, तेथे पाणी अडवणारे एक रबरी वेष्टन असते. ते सैल झाले होते. वरच्या छतामुळे लोकांना बाहेर पडता आले नाही. रबराचे एक वेष्टन, मंडळी! त्याच्यावर कोणाचे अक्षर उठवलेले नसते, आणि मोल करताना त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

अस्सलपणाविषयी आम्ही इतके बोललो, पण आमचा सारा हिशोब उलटा करणारी एक सीप आहे, तिची हकिकत सांगितलीच पाहिजे. शिवाय ती सुरू होते आपल्याच देशात. बेन कार्लिन हा ऑस्ट्रेलियन अभियंता युद्धकाळात हिंदी सैन्यात होता. १९४६ साली बंगालमधील कलाईकुंडा विमानतळावर त्याने एक सीप पाहिली आणि हिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा करता येईल असे त्याच्या मनाने घेतले. अमेरिकेत जाऊन त्याने लिलावात ९०१ डॉलरना एक विकत घेतली. तिच्यावर छप्पर चढवले, नाकात, पोटात, शेपटीत इंधनाच्या टाक्या बसवल्या आणि नाव ठेवले 'हाफ-सेफ', म्हणजे अर्धी सुरक्षित. नावात प्रामाणिकपणा होता. आरंभीचे कित्येक प्रयत्न फसले. एकदा तर बंद छपराखाली एंजिनाच्या विषारी धुराने तो आणि त्याची पत्नी एलिनोर बेशुद्ध पडली. अखेर १९ जुलै १९५० रोजी दोघे कॅनडातील हॅलिफॅक्सहून निघाली, आणि लाटांत टिकत नाही म्हणून टाकून दिलेल्या त्या गाडीतून ३२ दिवसांनी अझोर्स बेटांना लागली. पुढे आफ्रिका, युरोप. मग १९५५ साली पुन्हा निघून पश्चिम आशियातून कलकत्ता. तेथून पुढे पुढे जपान, अलास्का. आणि १९५८ च्या मेमध्ये माँट्रियल. एलिनोर वाटेत थांबली. तिच्या सोसण्याविषयी त्या मानाने कमीच बोलले जाते.

ती गाडी आज पर्थजवळच्या गिल्डफर्ड येथे, कार्लिन जेथे शिकला त्या शाळेत आहे. बोल्टांची अक्षरे वाचणाऱ्याने तिला पाहिले तर तो म्हणेल, इतकी कापलेली, जोडलेली, वाढवलेली सीप काय कामाची? उद्या कोणी तिचे छप्पर उतरवून, टाक्या काढून, तिला १९४२ च्या कारखान्यातल्यासारखी 'अस्सल' केली, तर जगातली एक मोठी वस्तू नाहीशी होईल आणि १२,७७८ पैकी एक तेवढी उरेल.

ज्यांना आपली सीप पाण्यात न्यायचीच आहे, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे सांगून पुरे करतो. रबरी वेष्टने दरवेळी हाताने चाचपावीत. आधी उथळ पाण्यात, दोर बांधून, एक माणूस आत आणि दोन काठावर, असे तास दोन तास उभी ठेवावी. आत किती पाणी आले ते बादलीने मोजावे. बाहेर आली की त्याच संध्याकाळी चाकांच्या बेअरिंगांना ताजे ग्रीस भरावे, सकाळवर ठेवू नये. तळाची बुचे काढून सारे पाणी जाऊ द्यावे, आणि ती बुचे तारेत ओवून चालकाच्या चक्राला टांगून ठेवावीत, म्हणजे पुढच्या खेपेला चक्र हातात घेतल्याबरोबर ती हाताला लागतील.