मोसम आणि तूफान

२०२४ च्या जून महिन्यात आपण बार्बाडोसला विश्वचषक जिंकला. फटाके वाजले, पेढे वाटले, आणि मग दोन-तीन दिवस सगळे एकमेकांना विचारू लागले, पोरं अजून परत का येत नाहीत? तेव्हा 'बेरिल' हे नाव आमच्या पन्हाळ्याच्या चहाच्या टपरीवरही पोचलं. विमानतळ बंद, खेळाडू हॉटेलात अडकलेले. लहानपणापासून रेडिओला कान लावून ज्या बेटांची नावं पाठ केली, त्या वेस्ट इंडीजला दर वर्षी वादळांचा हंगाम असतो, हे आमच्यातल्या पुष्कळांना त्या दिवशी कळलं. खेळाडू ४ जुलैला मायदेशी परतले. त्याआधीच, १ जुलैला, ग्रेनाडा देशातल्या कॅरिआकू नावाच्या एवढ्याशा बेटावरची बहुतेक सगळी छपरं गेली होती. ती बातमी आपल्याकडे आतल्या पानावर आली.

अटलांटिकमधल्या बेटांचा वादळी हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात. ऐन भर सप्टेंबरात. समुद्राचं पाणी साधारण सत्तावीस अंशांच्या वर तापलं आणि वरच्या हवेतले वारे शांत असले, की वादळाला भरपूर खाद्य मिळतं. आपल्याकडे मात्र गंमत आहे. अरबी समुद्रात वादळांचे हंगाम दोन, एक पावसाच्या तोंडावर आणि दुसरा पाऊस सरल्यावर. मधल्या आषाढ-श्रावणात खालचे वारे एका दिशेने आणि वरचे भलत्याच दिशेने इतक्या जोरात वाहतात, की वादळाचा खांब उभाच राहत नाही, मोडतो. म्हणजे जो पाऊस आपल्याला भिजवून काढतो, तोच मोठ्या वादळापासून सांभाळतोही.

'मोसम' हा शब्द अरबी. ठराविक काळी येणारा तो मोसम. अरबी खलाशी या वाऱ्यांवर शिडं सोडून आपल्या किनाऱ्याला येत, त्यांच्याबरोबर शब्दही उतरला, आणि इंग्रजांचा मान्सूनही त्यातूनच निघाला. 'तूफान'ही अरबीच. दोन्ही शब्द एकाच समुद्रावरून आले आणि मराठीत इतके मुरले, की आता कुणी त्यांचं गाव विचारत नाही.

मी राहतो तीन हजार फुटांवर. इथून समुद्र दिसत नाही. पूर्वेला जोतिबाचा डोंगर, पश्चिमेला मसाईचं पठार. वळीव येतो तो बहुधा दुपारनंतर, पूर्वेकडून, गडगडाट करत, आंबे पाडत. मोसमी पाऊस पश्चिमेकडून येतो आणि आवाज करत नाही. आधी धुकं तीन दरवाजात शिरतं, मग पाठोपाठ तो. या दोघांतला फरक इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण समुद्राचा अंदाज मला कळतो तो फोनवरून. माझी धाकटी बहीण दापोली तालुक्यात, हर्णैजवळ दिलेली. घरची मासेमारीची बोट आहे.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा तिच्या घरात कसा जातो, हे इथे बसून समजायचं नाही. १ जूनपासून मासेमारी बंद. त्याआधीच्या चार खेपांवर पावसाळ्याचा खर्च, खलाशांचे हिशेब, जाळ्यांची उधारी सगळं अवलंबून. आणि नेमका तोच आठवडा वादळाचा. बंदरावर बावटा लागला की बोट परत फिरवायची. वादळ आलंच नाही तर खेप बुडाली, डिझेल गेलं. आलं, आणि बोट बाहेर असली, तर पुढचं बोलायलाच नको.

२०२० साली टाळेबंदी होती. 'निसर्ग' येणार हे तिला दोन दिवस आधी कळलं. ग्रामपंचायतीने सांगितलं, मशिदीच्या भोंग्यावरूनही सांगितलं. ३ जूनच्या दुपारी ते रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी शंभर-एकशेवीस किलोमीटर. सकाळी तिचा फोन आला होता, "भाईजान, नारळ आडवे व्हायला लागलेत," आणि तो तुटला. मग तीन दिवस काही नाही. मी रोज दहा वेळा नंबर फिरवत होतो. चौथ्या दिवशी एक ओळखीचा ट्रकवाला निरोप घेऊन आला. माणसं सुखरूप, बोट सुखरूप, घरावर एक कौल नाही, वीज कधी येईल ठाऊक नाही. अंदाज चुकला नव्हता, म्हणून तर माणसं वाचली. पण सुपारीची बाग अंदाजाने वाचत नाही. नवं रोप लावून पहिली सुपारी हातात यायला पाच-सात वर्षं जातात. पुढच्याच मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला घासून गुजरातेत गेलं. नुकतीच शाकारलेली कौलं पुन्हा उडाली.

आता अंदाजाविषयी. आपल्या हवामान खात्याने १८८६ पासून पावसाळ्याचं भाकीत सांगायला सुरुवात केली. तिकडे अमेरिकेतलं खातं मे महिन्यात सांगतं, यंदा इतकी वादळं होतील. हे आकडे खोटे नसतात, पण ते कुणा एकाचे नसतात. १९९२ चा अटलांटिकचा हंगाम मुकाटच होता. ऑगस्ट निम्मा सरेपर्यंत नाव देण्याजोगं वादळ नव्हतं. मग पहिलंच आलं ते 'अँड्र्यू', बहामा बेटं आणि फ्लोरिडा उद्ध्वस्त करून गेलं. आमच्याकडे २०१९ ला एप्रिलचा अंदाज शहाण्णव टक्क्यांचा. जून कोरडा गेला. आणि ऑगस्टात पंचगंगेने कोल्हापूर बुडवलं. पन्हाळ्यावरून खाली पाहिलं तर शेतं नव्हती, नुसतं पाणी होतं. देशाची सरासरी कुणाच्या उंबऱ्यापाशी थांबत नसते.

जुन्या कागदांत मला फार आवडणारी एक गोष्ट आहे. चांद्र हिजरी साल ऋतूंतून मागे सरकत जातं. ते शेतसाऱ्याला निरुपयोगी. म्हणून दख्खनच्या सुलतानांनी शुहूर सन वापरला. आकड्यांची नावं अरबी, इहिदे, इसन्ने, सलास. आणि वर्षारंभ मात्र मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात! आदिलशाहीने चालवला, छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या दफ्तरातही तो राहिला. पावसाला कारकुनांनी दिलेला हा मान मला मोठा वाटतो. याच गडावर १६६० च्या वेढ्यात, पावसाळ्यात वेढा ढिला पडेल असा होरा होता असं म्हणतात. सिद्दी जौहरने छपरं उभारली आणि तो हटला नाही. शेवटी जुलैच्या त्या रात्री महाराजांना निसटायला पावसाचाच आडोसा झाला.

हल्ली मृगाचाही भरवसा उरला नाही. २०२३ ला 'बिपरजॉय' समुद्रात रेंगाळलं आणि मोसमी पाऊस केरळात ८ जूनला पोचला. २०२५ ला तोच २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत. अरबी समुद्र पूर्वीपेक्षा तापला आहे, वादळं वाढली आहेत, हे शास्त्रज्ञ सांगतात. बहीण म्हणते ते आम्हाला बोटीवर पाय ठेवला की कळतं.

तिला टक्केवारी नको असते. तिला विचारायचं असतं ते एवढंच, वारा किती वाजता फिरणार? कारण हर्णैच्या बोटींना आसरा आंजर्ल्याच्या खाडीत, आणि खाडीच्या तोंडाशी गाळ. भरती असेल तरच बोट आत जाते. सहा तास चुकले, तर बोट दारात उभी आणि दार बंद. म्हणून मेहुणे भरतीचं कोष्टक आणि मोबाइलवरून उतरवून घेतलेला वाऱ्याचा अंदाज, दोन्ही कागद एकाच खिळ्याला अडकवतात, आणि मे महिनाभर रात्री उठून बॅटरीच्या उजेडात वाचतात.