जुनेराची पारख

गोधडीची ऊब ही मायेची ऊब होय, असे नेहमी म्हटले जाते. ते खोटे नाही. परंतु त्या कौतुकाच्या भरात गोधडी ही एक विद्या आहे आणि ती शिकावी लागते, ही गोष्ट मात्र नजरेआड होते.

या विद्येचा पहिला धडा सुईचा नव्हे, जुनेराचा. धुऊन वाळवलेले लुगडे उजेडाकडे धरावे, दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून पाहावे. बसण्याच्या जागी ते आधी विरते. काठ पुष्कळ काळ टिकतात. विरलेले आत जाते, धट्टेकट्टे असते ते वर येते. अगदीच जीर्ण झालेल्याच्या पट्ट्या फाडून वेणी घालावी आणि ती वेणी गोल गोल शिवत न्यावी, म्हणजे त्याचे पायपुसणे होते. टाकून द्यावे असे फारच थोडे उरते.

नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. ते चौपदरी अंथरले की दोन मीटरांची लांबी मिळते; माणसाने पाय पसरून निजावे, एवढी. मग सुरकुत्या मधून कडांकडे सारायच्या, थर हलू नयेत म्हणून लांब टाके घालून ते टाचून घ्यायचे आणि नंतर धावदोरा सुरू करायचा. दोरा ओढला तर कापड चुणते. सैल सोडला तर बोटे अडकतात. दोरा सुतीच हवा, कारण राकट कृत्रिम धागा जुन्या सुताला कापतो. थरांच्या मध्ये कोंडलेली हवा हीच खरी ऊब. टाके तिला जागेवर राखतात.

ही विद्या एकट्या महाराष्ट्राची नव्हे. बंगालमध्ये कांथा भरताना जुन्या साडीच्या काठातील रंगीत दोरेही उपयोगात आणीत. बिहारात सुजनी आहे. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी स्त्रिया कवंदी शिवतात. तिचे टाके कडेपासून आत वळत जातात आणि चारही कोपऱ्यांवर कापडाची फुले बसविल्यावाचून ती पुरी झाली असे त्या मानीत नाहीत.

आज अडचण आहे ती कापडाचीच. पॉलिएस्टरची साडी वर्षानुवर्षे टिकते, पण जुन्या सुतासारखी मऊ होत नाही; थरांत ती सरकते आणि घामही टिपत नाही. नव्या तुकड्यांच्या देखण्या गोधड्या बाजारात मिळतात. त्या शिवण्यास कौशल्य लागते, परंतु जुन्या कापडात अजून किती जीव उरला आहे, हे ओळखावे लागत नाही. ती ओळख पुस्तकाने येत नाही. जाणत्या हाताशेजारी बसूनच येते.

ज्या घरी असा हात अजून आहे, तेथील मुलामुलींनी एखादे सुती लुगडे, धोतर किंवा चादर आजीपुढे उलगडावी, आणि टाका कसा घालायचा हे विचारण्याआधी, यातले आत काय घालायचे आणि वर काय ठेवायचे, एवढे विचारून घ्यावे.