निकालाचा कागद आणि आपली मुले

(युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड येथे १ मे रोजी झालेल्या पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



 

दोन शब्द म्हणून तासभर घेणारे वक्ते आपण पुष्कळ पाहिले आहेत. मी लवकर आटोपतो. मुले सकाळपासून झेंडावंदनासाठी उभी होती आणि बाहेर ऊन काय म्हणते आहे ते आपण पाहतोच आहोत.

आज महाराष्ट्र दिन. कामगार दिनही आजच. पण पहिलीपासून आठवीपर्यंतच्या पोरांना विचाराल तर आज फक्त निकालाचा दिवस. घराघरांत सकाळी एकच संवाद झाला असेल. "काय लागला रे निकाल?" "पास." "बरं झालं." आणि तो कागद घडी घालून पत्र्याच्या पेटीत, लाइटबिलाच्या आणि रेशनकार्डाच्या शेजारी गेला असेल. पुढच्या वर्षी नवा कागद येईपर्यंत त्याला कोणी हात लावणार नाही. माझे आजचे सगळे भाषण त्या कागदाबद्दल आहे. तो पेटीत टाकण्यापूर्वी एकदा वाचावा, येत नसेल तर कोणाकडून तरी वाचून घ्यावा, एवढ्यासाठी मी इथे उभा आहे.

आमच्या वेळी निकाल सोपा होता. गुरुजी नावे वाचीत. ज्याचे नाव आले तो वरच्या वर्गात, ज्याचे नाव आले नाही तो घरी जाऊन मार खाई आणि बहुधा पुढच्या वर्षी गुरे राखी. नापास हा शब्द आपल्या वस्तीतल्या किती पोरांना शाळेतून कायमचा घेऊन गेला, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. म्हणून शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही असे ठरले, ते आपल्यासारख्यांच्या भल्याचेच होते. त्याच वर्षी महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. वर्षभर गुरुजी तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, वही यांवरून आकारिक मूल्यमापन करतात आणि सत्राच्या शेवटी संकलित चाचणी घेतात. दोन्ही मिळून श्रेणी येते.

ही श्रेणीच आपण वाचीत नाही. अ-१ म्हणजे ९१ ते १००, अ-२ म्हणजे ८१ ते ९०, मग ब-१, ब-२, क-१, क-२ असे दहा-दहाने खाली. ड म्हणजे ३३ ते ४०. त्याच्याही खाली ई-१ आणि ई-२ आहेत. एका बापाने मला मोठ्या आनंदाने सांगितले, "गुरुजी, पोराला ड मिळालाय." त्याला वाटले, अ, ब, क, ड, म्हणजे पोरगं चार पायऱ्या चढलं! हसू नका. ज्या माणसाला कोणी शाळेत बसू दिले नाही, त्याला पायरी वर जाते की खाली हे कोण सांगणार? ते सांगण्याचे काम आपले, शिकलेल्यांचे आहे आणि आपण ते करीत नाही. नोकरी लागली की आपण लातूरला, पुण्याला जातो आणि १४ एप्रिलला वर्गणी पाठवून मोकळे होतो.

श्रेणीच्या बाजूला वर्णनात्मक नोंदी असतात. "वाचन करताना अडखळतो", "गुणाकार करताना मदत लागते", असे एखादे वाक्य असते. मुलगा वर गेला हे खरे, पण ते वाक्यही त्याच्याबरोबर वर गेले, हे लक्षात ठेवा. तिसरीत अडखळणारा मुलगा पाचवीत गप्प बसतो आणि आठवीत यायचाच थांबतो.

आता एक बदल नीट ऐका, कारण पुष्कळांना तो ठाऊक नाही. २०१९ साली केंद्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि आपल्या राज्यात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. त्यात जो उत्तीर्ण होणार नाही त्याला पुरवणी मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षेची संधी आहे. तीतही जमले नाही तर त्याच वर्गात बसावे लागते. पण शाळेतून काढता मात्र येत नाही, हेही कायद्यातच आहे. तेव्हा ज्यांच्या पाचवी-आठवीच्या मुलांच्या कागदावर पुनर्परीक्षेचा शेरा आहे, त्यांनी मे महिन्यात पोराला मामाच्या गावी किंवा कुठल्या बांधकामावर पाठवण्याआधी गुरुजींकडून तारीख लिहून घ्या. तारीख चुकली म्हणून वर्ष गेले, असे आपल्या एकाही घरात होता कामा नये.

या कागदावर सर्वांत खाली, बारीक अक्षरात, एक रकाना असतो. हजर दिवस. माझ्या मते आपल्या केज-धारूर भागात सर्वांत महत्त्वाचा रकाना तोच आहे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे, असे कायद्याचे माप आहे. आता आपल्या घरचे माप पाहा. दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या येतात. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयता निघाला की लेकरू पाठीमागे निघाले. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पलीकडे कर्नाटकात बेळगावपर्यंत. थोरली पोरगी कोपीत धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. पट्टा पडेपर्यंत फेब्रुवारी-मार्च उजाडतो. म्हणजे दुसऱ्या सत्रातला बहुतेक अभ्यास त्या पोरीने उसाच्या फडातच सोडला. मग तिच्या कागदावरची श्रेणी तिची आहे की आपली?

मी कोणाला दोष देत नाही. ज्याच्या घरी रान नाही, पाणी नाही, त्याने जावे कुठे? मांजरा धरण आपल्याच तालुक्यात धनेगावला, पण त्याचे पाणी ज्याची जमीन त्याला. परंतु जाताना दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे, गावात आजी-आजोबांपाशी मूल ठेवून हंगामी वसतिगृहाच्या योजनेत त्याचे नाव दिवाळीच्या आधी घालणे. नाव वेळेत गेले नाही तर तिथे जेवण मिळत नाही. दुसरे, मूल न्यायचेच असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन जाणे आणि कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवणे. वयानुरूप वर्गात बसवून घेणे त्या शाळेला बंधनकारक आहे. यंदा ते झाले नसेल तर आजच्या कागदावरचा हजर दिवसांचा आकडा पाठ करून ठेवा आणि दिवाळीला आठवा.

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळचा एक रुपया! आज तसा दंड कोणी करीत नाही. पण तो पोर भरतोच आहे.

आता निकालाबद्दलच एक हकीकत सांगतो. बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली जी प्रस्तावना लिहिली, ती पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. तिच्यात ही हकीकत आहे. बाबासाहेब इंग्रजी चौथी पास झाले. इतर समाजांच्या मानाने ही गोष्ट मोठी नव्हे, पण आपल्या समाजात तिथवर पोचलेला तो पहिला मुलगा, म्हणून लोकांनी सत्काराची सभा घ्यायचे ठरवले आणि ते सुभेदार रामजींची परवानगी मागायला गेले. रामजींनी साफ नकार दिला. पोराने परीक्षाच तर दिली आहे, याने त्याचे डोके चढेल, असे त्यांचे म्हणणे. शेवटी लोक कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींकडे गेले. केळूसकरांनी रामजींना राजी केले. सभा झाली आणि त्या सभेत केळूसकरांनी आपले स्वतःचे बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. पुढे काय झाले ते १९५६ च्या दसऱ्याला नागपूरला साऱ्या जगाने पाहिले.

या गोष्टीत लोक नेहमी केळूसकरांचे नाव घेतात आणि ते योग्यच आहे. मला मात्र नकार देणारे रामजी जास्त आठवतात. पोराचा निकाल त्यांनी वाचला होता, त्यामागचा अभ्यास त्यांनी रोज पाहिला होता, म्हणून त्यांना हार-तुऱ्याची गरज वाटली नाही. आज आपण निकाल वाचीत नाही, पण पेढे वाटतो आणि चौकात डिजिटल बोर्ड लावतो.

दुसरा कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. ज्यांची मुले चौथी, पाचवी, सातवी किंवा आठवी संपवून दुसऱ्या शाळेत जाणार आहेत त्यांनी इकडे कान द्या. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हा कायदा आहे. पण तो हातात पडला की तिथेच उभे राहून वाचा. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात.

आपल्या पिढीत निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा. माझासुद्धा! आई म्हणायची, तू सुगीत झालास. गुरुजींना सुगीची तारीख कुठून मिळणार, त्यांनी १ जून घातली. आता तसे राहिले नाही, ग्रामपंचायतीची जन्मनोंद असते. पण ती नोंद आणि शाळेचे रजिस्टर जुळते का ते बघा. माझ्या वडिलांचे नाव एका कागदावर 'ग्यानबा' आणि दुसऱ्यावर 'ज्ञानोबा'. ते दोघे एकच माणूस आहेत हे पटवून देण्यासाठी मी एका कार्यालयाच्या किती पायऱ्या झिजवल्या ते विचारू नका. मूल शाळेत आहे तोवर चूक सुधारण्याचा अर्ज देणे सोपे असते. शाळा सोडल्यावर वरिष्ठ कार्यालयाच्या मंजुरीशिवाय अक्षर हलत नाही.

धर्म-जातीच्या रकान्याबद्दल स्पष्ट बोलतो. दीक्षेनंतर कित्येकांनी अभिमानाने दोन्ही रकान्यांत 'बौद्ध' लिहिले. भावना शंभर टक्के बरोबर. महाराष्ट्र राज्य झाल्यावर नवबौद्धांना राज्याच्या सवलती मिळाल्या, केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० सालची दुरुस्ती होईपर्यंत थांबावे लागले. पण जातीचा दाखला काढताना कार्यालय आजही धर्मांतरापूर्वीची मूळ जात पाहते आणि १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागते. आपला बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, जुने कागद उर्दूत, आणि आपल्या आजोबाला शाळेत घेतलेच नव्हते. मग आजोबाच्या शाळेचा उतारा आणायचा कुठून? यासाठी कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि जुने महसुली कागद शोधावे लागतात. हे काम जूनमध्ये होत नाही. तेव्हा तहसीलला रांग असते, सर्व्हर बंद असतो. ते मे महिन्यात सुरू करा. धर्म बौद्ध लिहाच, त्यात माघार नाही. पण जातीचा रकाना वडिलांच्या किंवा चुलत्याच्या मिळालेल्या जात प्रमाणपत्राशी जुळवून घ्या.

रजिस्टरातली एक ओळ काय करते, याचे उदाहरण साताऱ्यात आहे. तिथल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली, रजिस्टर क्रमांक १९१४. ती नोंद जपून राहिली म्हणून २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस पाळला जातो.

सवलतींचे थोडक्यात सांगतो. अनुसूचित जातीच्या मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे, पाचवी ते सातवीला महिना ६० रुपये आणि आठवी ते दहावीला १०० रुपये, वर्षातून दहा महिने. रक्कम लहान आहे. अनेक वर्षांत ती वाढलेली नाही, याबद्दल आपण निवेदन द्यायला हवे. आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस परीक्षा आहे. पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. पाचवीतल्या मुलांसाठी गेवराई तालुक्यात गढीला नवोदय विद्यालय आहे. सहावीपासून राहणे, जेवण, पुस्तके सगळे तिथेच. शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, २०१७ पासून पाचवी-आठवीला झाली, आणि ती पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय २०२५ साली झाला. सरकारचे मन बदलते तसे आपल्या पोरांचे पुस्तक बदलते, तेव्हा यंदा कोणत्या वर्गाला आहे ते शाळेत विचारून घ्या.

विद्यार्थी मित्रांनो, तुमची पाठ्यपुस्तके जून महिन्यात शाळा उघडली की मिळतीलच. पण यंदाची जुनी पुस्तके रद्दीत घालू नका. खालच्या वर्गातल्या पोराला ती आजच द्या, म्हणजे सुटीत तो वाचील.

सभा संपल्यावर मंडळाचे दोन कार्यकर्ते मागच्या ओट्यावर टेबल लावून बसणार आहेत. ज्याला प्रगतिपत्रक वाचून हवे त्याने ते घेऊन यावे, ज्याच्या दाखल्यात चूक आहे त्याचा अर्ज तिथेच लिहून मिळेल. लाजू नका. अंगठा असला तरी चालतो. आणि ज्या पोरींचे नाव हंगामी वसतिगृहासाठी घालायचे आहे, त्यांच्या आयांनी आजच नाव सांगून जावे. दिवाळीला मी स्वतः ती यादी घेऊन दारोदार येणार आहे.