पाळीबाहेरचे रक्त अंगावर काढू नका



तांबी बसवलेली, दोन लेकरांची आई सांगते, "मधूनमधून रक्त दिसतं, तांबीचंच असेल." पुष्कळदा तसेच असते, आणि तांबीने कर्करोग होत नाही हेही पक्के ध्यानात ठेवा. पण पाळी नसताना रक्त जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, अंगावरून घाण वासाचे पाणी जाणे ही गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाचीही खूण असू शकते. वय पंचवीस असो की पस्तीस, नुसत्या गोळ्यांवर भागवू नका. आतून तपासणी झालीच पाहिजे. लाज वाटते? कुणाला वाटत नाही! बाई डॉक्टर मागा, सोबत सासू किंवा जाऊ न्या.

या तपासणीत पिशवीचे तोंड डोळ्यांनी पाहतात. त्यावर पातळ ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात. पांढरा चट्टा उठला की शंका येते. पण चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे, उगाच घाबरू नका. मग दुर्बिणीतून पाहून लहानसा तुकडा काढून तपासतात. खरे निदान त्या तुकड्यावरच होते.

काही त्रास नसेल, तरी तिशी उलटल्यावर तपासून घ्यावे. विशीत एचपीव्ही विषाणू पुष्कळ जणींना होतो आणि बहुतेकींचा आपोआप जातो. ठाण मांडून राहिला, तर कर्करोग व्हायला वर्षे लागतात. तेवढा अवधी आपल्या हातात असतो.

ही गोष्ट आपल्या मराठवाड्यातच सिद्ध झाली. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून टाटा स्मारक रुग्णालय व बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. विषाणूची एकदाच तपासणी केलेल्या गटात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच, पण तपासणी न केलेल्या गटात ६४.

कर्करोगाआधीचा चट्टा गोठवून किंवा भाजून काढता येतो. पिशवी राहते, पुढे मूलही होऊ शकते. तरी भीतीपोटी पिशव्याच काढल्या जातात. बीडच्या ऊसतोड भगिनींसाठी २०१९ साली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, ती उगाच नव्हे.

आशाताईंना विचारा, आरोग्य केंद्रात जा. पुढच्या तपासणीसाठी शहरात घाटी आहे, आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. आणि कुणी म्हणाले "पिशवी काढून टाका", तर आधी विचारा, "तुकड्याचा रिपोर्ट कुठे आहे?"