जागतिकीकरण आणि कामगार : सावलीपासून मेरीबरोपर्यंत
(गणेशोत्सवातील भाषण)

 

जागतिकीकरण म्हटले की आपण आपलाच नफा-तोटा मोजतो. श्रीमंत देशांतल्या कामगारांचे काय झाले, ते आज पाहू. उदाहरण आपल्या दारचेच आहे. सयाजीगंजहून सावली काही फार दूर नाही.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने २०१४ साली सहा डब्यांच्या ७५ लोकल गाड्यांचा करार केला. त्या गाड्या बॉम्बार्डियरच्या सावली येथील कारखान्यात तयार झाल्या. आज हा कारखाना आल्स्टॉमकडे आहे. आपल्या भागातल्या हातांना काम मिळाले, याचा आपल्याला अभिमान आहे.

पण त्याच क्वीन्सलँडमध्ये मेरीबरो नावाचे गाव आहे. तिथे शंभराहून अधिक वर्षे रेल्वेची इंजिने आणि डबे बनत आले. काम आपल्याकडे आले, तेव्हा तिथल्या फिटर-वेल्डरच्या घरात काळजी शिरली. स्वस्त गाडीचा फायदा साऱ्या राज्यात थोडा थोडा वाटला जातो. तोटा मात्र एकाच गावावर कोसळतो. गिरणगाव पाहिलेल्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको.

पुढे काय झाले? गाड्यांतील शौचालय व मार्गिका अपंग प्रवाशांच्या सोयीच्या नव्हत्या. २०१८ साली चौकशी झाली आणि खरेदी-प्रक्रियेतील उणिवा पुढे आल्या. दोष आराखड्यातला होता, सावलीच्या कारागिराच्या हाताचा नव्हता. दुरुस्तीचे काम मेरीबरोला मिळाले. नंतर त्या सरकारने ६५ नव्या गाड्या मेरीबरोजवळच बांधायचे ठरवले. आम्ही सरकारी नोकर निविदेत सर्वांत कमी दर शोधतो. त्या दरात कोणाची रोजी-रोटी गेली, याचा रकाना मात्र कागदावर नसतो.

यातून आपण काय घ्यायचे? तिथला कामगार आपला शत्रू नाही. आज काम इथे आले, उद्या ते आणखी स्वस्त ठिकाणी जाईल. केवळ कमी पगारावर टिकलेली नोकरी टिकाऊ नसते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले ते हातांना हुन्नर देण्यासाठी. म्हणून मुलांना नवे कौशल्य शिकवू या, आणि कंत्राटी कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीची व विम्याची चौकशीही आपणच करू या. काम गेले तरी घर उभे राहील, एवढी तजवीज दोन्हीकडच्या कामगारांना मिळो, हीच विघ्नहर्त्याचरणी प्रार्थना.