नकळत जडलेल्या सवयी



माझा भाचा वाद्यवृंदात बेस गिटार वाजवतो. सुमारे चार किलोंचे ते वाद्य डाव्या खांद्यावर पट्ट्याने टांगून तो तासन्‌तास उभा असतो. खांदा दुखू लागल्याने तो आपल्या भौतिकोपचार विभागात आला. त्याला वाजवून दाखविण्यास सांगितले, तेव्हा दिसले की अवघड जागी खांदा कानाकडे चढतो, जबडा आवळतो, श्वास थांबतो. त्याने हे साफ नाकारले. “लहानपणापासून असाच वाजवतोस,” माझी बहीण म्हणाली.

मन तालात गुंतले की शरीर आपला मार्ग शोधते. डेट्रॉइटचे विख्यात वादक जेम्स जेमर्सन (१९३६–१९८३) डबल बेसवर जडलेल्या सवयीने बेस गिटारही मुख्यतः एकट्या तर्जनीनेच छेडत. वादनात काही उणे राहिले नाही. तालावर डोलणारी मानही ठेकाच सांभाळते, ती थांबवू नये. चढलेला खांदा आणि रोखलेला श्वास मात्र सोडवावे लागतात. (ताळेबंद तपासताना मीही दात आवळतो, हे मला पत्नीकडून समजले!)

भाचा आता आरशासमोर सराव करतो. आप्तजनांना विनंती, की तपासणीस रुग्णासमवेत अवश्य यावे. तो कसा बसतो, कसा उभा राहतो, हे त्यास ठाऊक नसते. आपण ते रोज पाहत असता.